पावसात येणारा आणि उन्हात जाणारा व्हीएसडब्ल्यूआर अलार्म: अँटेना बदलण्यापूर्वी काय तपासावे

पुण्यात मोबाइल साइटच्या देखभालीचे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला पावसाळ्यात एक तक्रार हमखास येते. रात्री जोराचा पाऊस होतो, पहाटे एखाद्या सेक्टरला (साइटच्या एका दिशेच्या भागाला) व्हीएसडब्ल्यूआरचा, म्हणजे अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत येते हे सांगणाऱ्या आकड्याचा, अलार्म लागतो, टीम गच्चीवर पोहोचेपर्यंत ऊन वर आलेले असते, मोजणी केली तर सगळे आकडे मर्यादेत दिसतात आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून तिकीट बंद केले जाते. पुढच्या पावसात तोच सेक्टर आणि तोच अलार्म पुन्हा उभा राहतो. असे काही वेळा झाले की वैतागून अँटेना बदलला जातो आणि त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या सरीत अलार्म पुन्हा हजर होतो.

अशा साइटवर अँटेना हा शेवटचा संशयित मानावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अँटेना कारखान्यातून बंद होऊन आणि तपासून आलेला असतो. फीडर (वर जाणारी मुख्य केबल), जंपर (जोडणीची आखूड केबल) आणि त्यांचे कनेक्टर मात्र गच्चीवर किंवा टॉवरवर, वाऱ्यात आणि बरेचदा घाईत, माणसाच्या हाताने जोडलेले असतात. दोष आधी तिथेच शोधावा. शिवाय अँटेना बदलताना वरची जोडणी सुटते आणि पुन्हा आवळली जाते, त्यामुळे अलार्म काही काळ थांबतो आणि अँटेनाच खराब होता हा समज पक्का होतो. म्हणून आधी दोष आपल्या समोर पुन्हा घडवून आणावा, मग त्याची जागा ठरवावी आणि त्यानंतरच पाना हातात घ्यावा, हा क्रम कितीही घाई असली तरी मोडू नये.

अलार्मच्या वेळा आधी वाचाव्यात

साइटवर जाण्यापूर्वी त्या सेक्टरच्या अलार्मचा मागील काही महिन्यांचा इतिहास काढावा आणि अलार्म किती वेळा आला यापेक्षा तो केव्हा आला आणि केव्हा गेला हे पाहावे. पावसानंतर येऊन उन्हाने जाणारा अलार्म पाणी शिरल्याचे सांगतो. पाऊस नसताना, हिवाळ्याच्या पहाटे येणारा अलार्म बहुतेक वेळा सैल जोडणीचा असतो. पुण्यात जानेवारीत पहाटेचे तापमान १० अंशांच्या आसपास आणि दुपारचे ३० अंशांच्या जवळ असते, या रोजच्या चढउताराने धातू आकुंचन-प्रसरण पावतो आणि अर्धवट आवळलेल्या जोडणीचा संपर्क बिघडतो. दव हेही त्याच वेळी पडते, त्यामुळे या दोन कारणांत फरक करण्यासाठी दव नसलेल्या कोरड्या पहाटेची नोंद शोधावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत वळिवाच्या वाऱ्यासोबत येणारा आणि काही मिनिटांत जाणारा अलार्म हा न बांधलेल्या, हेलकावे खाणाऱ्या जंपरचा असू शकतो.

याच टप्प्यावर दुसरी एक गोष्ट पाहावी. एकाच अँटेनाच्या सर्व पोर्टवर (केबल जोडण्याच्या तोंडांवर), निरनिराळ्या बँडमध्ये, एकाच वेळी अलार्म येत असेल तर अँटेनाच्या आत पाणी साचल्याची शंका रास्त आहे, कारण सगळ्यांना समान असलेली वस्तू तीच आहे. अलार्म एकाच पोर्टवर येत असेल तर त्या एका मार्गावरील कनेक्टर, जंपर आणि फीडर यांवरच लक्ष द्यावे. इतक्या साध्या निरीक्षणाने निम्मे काम टेबलावरच होते.

काही ठिकाणी रेडिओमधील (सिग्नल पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या यंत्रातील) अलार्मची मर्यादा १.५ वरून २ वर नेऊन तिकीट मिटवले जाते. हा उपाय नव्हे. त्या सेक्टरखाली राहणाऱ्या माणसाचा फोन तितकाच तुटत राहतो, फक्त आपल्याला ते कळेनासे होते.

मर्यादेत असलेला आकडा काय लपवतो

व्हीएसडब्ल्यूआर १.५ असणे म्हणजे रिटर्न लॉस (परतणारी शक्ती पाठवलेल्यापेक्षा किती डेसिबल, म्हणजे डीबी, कमी आहे ते) सुमारे १४ डीबी असणे, म्हणजेच पाठवलेल्या शक्तीपैकी ४ टक्के परत येणे. व्हीएसडब्ल्यूआर २ असेल तर रिटर्न लॉस ९.५ डीबी आणि परतणारी शक्ती ११ टक्के होते. ३ असेल तर ६ डीबी आणि २५ टक्के. हे आकडे बहुतेकांना पाठ असतात. मात्र हा आकडा कुठे उभे राहून मोजला, यावर त्याचा अर्थ पूर्णपणे अवलंबून असतो आणि इथेच सर्वांत जास्त गफलत होते.

ज्या जुन्या साइटवर रेडिओ खाली खोलीत आणि अँटेना वर आहे, तिथे खालून पाठवलेला सिग्नल वर जाताना फीडरमध्ये क्षीण होतो आणि वरून परावर्तित झालेला भाग खाली येताना पुन्हा तितकाच क्षीण होतो. फीडर आणि जंपर मिळून एका दिशेने ३ डीबी क्षय असेल, तर जाण्यायेण्यात ६ डीबी क्षय होतो. आता समजा, वर अँटेनाच्या तोंडाशी व्हीएसडब्ल्यूआर प्रत्यक्षात २ आहे, म्हणजे रिटर्न लॉस ९.५ डीबी आहे. खाली तोच रिटर्न लॉस १५.५ डीबी दिसेल आणि उपकरण व्हीएसडब्ल्यूआर १.४ दाखवील. १.५ ची मर्यादा पाळली गेली, अहवाल हिरवा झाला आणि वरचा दोष जागच्या जागी राहिला. इतकेच नव्हे, तर अँटेना पूर्णपणे सुटून पडला तरी खाली व्हीएसडब्ल्यूआर ३ च्या पुढे जाणार नाही.

पाण्याच्या बाबतीत तर आकडा सरळ उलट दिशेला नेतो. फीडरचे बाहेरचे आवरण कुठेतरी चिरले असेल किंवा वरच्या कनेक्टरमधून पाणी आत उतरले असेल, तर त्या ओल्या भागात क्षय वाढतो. क्षय वाढला की वरून परत येणारे परावर्तन खाली पोहोचेपर्यंत अधिक दुबळे होते, त्यामुळे रिटर्न लॉस सुधारल्यासारखा दिसतो. बसवताना १७ डीबी असलेला मार्ग काही वर्षांनी २२ डीबी दाखवू लागला, तर आनंद मानू नये. केबल आपोआप सुधारत नसते. अशा वेळी वरच्या टोकाला अँटेनाऐवजी शॉर्ट (केबलचे दोन्ही वाहक थेट जोडणारे टोपण) लावावा आणि खालून रिटर्न लॉस मोजावा. शॉर्टवरून सगळी शक्ती परत येते, म्हणून मोजलेल्या सरासरी रिटर्न लॉसच्या निम्मा आकडा हा त्या मार्गाचा एका दिशेचा क्षय असतो. सात-अष्टमांश इंचाच्या फोम फीडरचा १८०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा क्षय दर १०० मीटरला साधारण ५.५ ते ६ डीबी असतो, म्हणजे ४० मीटरसाठी तो अडीच डीबीच्या आत यायला हवा. तो ४ डीबीच्या वर आला, तर फीडर ओला आहे किंवा कुठेतरी चेपला आहे असे समजावे.

आजकाल बहुसंख्य साइटवर आरआरयू, म्हणजे खोलीबाहेर बसवायचा रेडिओ, वर, अँटेनाच्या मागेच बसवलेले असते आणि मध्ये फक्त दोन ते पाच मीटरचा जंपर असतो. तिथे क्षय नगण्य असल्यामुळे रेडिओ स्वतः सांगत असलेला व्हीएसडब्ल्यूआर बराच प्रामाणिक असतो. त्याचा फायदा असा की पावसाच्या रात्री कोणालाही वर न चढवता, सॉफ्टवेअरमधून दर तासाला तो आकडा वाचून ठेवता येतो. अलार्म फक्त मर्यादा ओलांडली की लागतो. तासातासाचे वाचन मात्र पाऊस सुरू झाल्यानंतर किती वेळाने आकडा चढू लागला आणि उन्हाने किती वेळात उतरला हे दाखवते. लगेच चढणारा आकडा उघड्या जोडणीकडे बोट दाखवतो, तर हळूहळू चढून दिवसभर न उतरणारा आकडा खोलवर मुरलेल्या पाण्याकडे.

डीटीएफ: जागा ठरवणारी मोजणी

दोषाची जागा ठरवण्यासाठी डीटीएफ, म्हणजे दोषापर्यंतचे अंतर दाखवणारी मोजणी, हेच मुख्य साधन आहे. साइट मास्टरसारख्या उपकरणात ती एका बटणावर मिळते, त्यामुळे तिच्यामागचे गणित अनेकदा दुर्लक्षिले जाते. दोन दोष वेगवेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात किमान किती अंतर हवे, हे आपण निवडलेल्या वारंवारतेच्या पट्ट्यावर ठरते: १५० ला केबलच्या वेगगुणांकाने (केबलमधील सिग्नलचा वेग भागिले प्रकाशाचा वेग) गुणावे आणि पट्ट्याच्या मेगाहर्ट्झमधील रुंदीने भागावे, म्हणजे उत्तर मीटरमध्ये मिळते. फोम फीडरचा वेगगुणांक ०.८८ च्या आसपास असतो. ८९० ते ९६० हा ७० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला तर हे अंतर सुमारे १.९ मीटर येते. १७१० ते १८८० हा १७० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला तर सुमारे ०.८ मीटर. दीड मीटरच्या जंपरचे कोणते टोक खराब आहे हे ९०० च्या पट्ट्यात कळणे शक्यच नाही, हे यावरून स्पष्ट होते. अँटेना काढून त्या जागी लोड (सगळी शक्ती शोषून घेणारे टोपण) लावला, तर कित्येकशे मेगाहर्ट्झचा रुंद पट्टा घेता येतो आणि अंतर वीस-तीस सेंटीमीटरपर्यंत खाली येते.

वेगगुणांक चुकीचा भरला तर सगळी अंतरे त्याच प्रमाणात सरकतात. अतिलवचीक जंपरचा गुणांक फीडरपेक्षा कमी, साधारण ०.८२ च्या जवळपास असतो, त्यामुळे केबलच्या आवरणावरील क्रमांक वाचून उत्पादकाच्या तक्त्यातील मूल्यच भरावे. तसेच ओपन, शॉर्ट आणि लोड यांनी केलेले कॅलिब्रेशन चाचणी-केबलच्या टोकाशी केलेले असावे आणि उपकरण सावलीतून उन्हात नेले, तर ते पुन्हा करावे. एप्रिलमधील गच्चीवर पाच-दहा मिनिटांत उपकरण इतके तापते की सकाळचे कॅलिब्रेशन दुपारी वापरणे म्हणजे स्वतःलाच फसवणे होय.

मार्गात टीएमए (अँटेनाजवळ बसवलेला ग्रहणाचा प्रवर्धक), डायप्लेक्सर (दोन बँड एका केबलवर आणणारा भाग) किंवा विशिष्ट बँडसाठी बनवलेला लाइटनिंग अरेस्टर असेल, तर त्या बँडबाहेरील मोजणीत तेथे मोठा उंचवटा दिसतो. तो दोष नव्हे. मार्गात काय काय आहे याचा आराखडा हातात नसेल तर डीटीएफ करण्यात अर्थ नाही.

कोथरूडमधील एका गच्चीवर हीच मोजणी कामी आली. अठराशेच्या बँडमधील एका सेक्टरला पावसानंतरच्या पहाटे अलार्म येत असे आणि अकरा-बाराच्या सुमारास तो जात असे. आमच्या आधीच्या टीमने तेथील अँटेना बदललेला होता. कोरड्या दुपारी घेतलेला डीटीएफचा आलेख स्वच्छ होता. तो जतन करून ठेवला आणि रात्री पाऊस झाल्यावर सोसायटीच्या वॉचमन काकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवल्याप्रमाणे पहाटे खोली उघडून, सेक्टर बंद करून, खालूनच दुसरा आलेख घेतला. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले तेव्हा ३४ मीटरच्या आसपास एक नवा उंचवटा होता. अँटेनाचे तोंड ३६.५ मीटरवर होते आणि तिथे दोन्ही आलेख तंतोतंत जुळत होते. ३४ मीटरवर फीडर संपून जंपर सुरू होत होता.

ऊन पडल्यावर रिगर (उंचीवर चढून काम करणारा) खांबाजवळ गेला. जोडणीवरची टेप बाहेरून अगदी नवी आणि नीट दिसत होती. त्याने ती बोटाने खालून वर चाचपली आणि म्हणाला, “सर, टेप वरून खाली गुंडाळलीय. हिच्या सगळ्या कडा आभाळाकडे तोंड करून आहेत.” टेप सोडवल्यावर आतून थेंब ओघळला. फीडरच्या टोकावरील कनेक्टरचा मागचा नट उघडला तेव्हा रबराची गोल रिंग एका जागी चिरलेली होती आणि मधल्या पिनच्या मुळाशी तांब्याला हिरवा थर चढला होता. केबल मागे मागे कापत गेल्यावर काळवंडलेले तांबे संपून स्वच्छ, चकचकीत तांबे लागले, तिथे नवा कनेक्टर चढवला. उन्हाने हे पाणी वाफ होऊन अर्धे निघून जात असे आणि उरलेले पुढच्या पावसाची वाट पाहत आत राहत असे. म्हणूनच दुपारचा आलेख स्वच्छ दिसत होता.

पहाटे पोहोचणे शक्य नसेल, किंवा आरआरयू वर असल्यामुळे चढल्याशिवाय मोजता येत नसेल, तर पाऊस आपण आणावा. कोरड्या दिवशी सेक्टर बंद करून, डीटीएफ चालू ठेवून, एकेका जोडणीवर बाटलीने पाणी सोडावे आणि प्रत्येक जोडणीनंतर काही मिनिटे थांबून आलेख पाहावा. खालची जोडणी आधी आणि वरची नंतर भिजवावी, नाहीतर वरून ओघळलेल्या पाण्याने कोणती जोडणी दोषी हे कळत नाही. दुरुस्ती झाल्यावर हीच चाचणी पुन्हा करावी. ओल्या टॉवरवर किंवा विजा चमकत असताना कोणालाही वर पाठवू नये. पावसात मोजणी म्हणजे पावसात चढणे नव्हे. कनेक्टर उघडण्यापूर्वी त्या सेक्टरचे प्रक्षेपण बंद असल्याची खात्री नियंत्रण कक्षाकडून तोंडी न घेता रेडिओवरच करून घ्यावी.

जोडणी आणि टेप

७/१६ डिन कनेक्टर २५ ते ३० न्यूटन-मीटर आणि ४.३-१० चा स्क्रू प्रकार ५ न्यूटन-मीटर इतका आवळायचा असतो. दोन्ही एकाच हाताच्या अंदाजाने आवळले जातात, ही मोठी अडचण आहे: डिनची सवय असलेला हात ४.३-१० चे आटे बिघडवतो आणि ४.३-१० ची सवय असलेला हात डिन सैल ठेवतो. टॉर्क पाना प्रत्येक टीमकडे असायलाच हवा. आवळताना एका पान्याने कनेक्टरचे अंग धरून ठेवावे आणि दुसऱ्याने फक्त नट फिरवावा, कारण अंग फिरले की आतील पिन पिनवर घासते आणि धातूचा बारीक कीस तयार होतो.

टेप गुंडाळताना पहिला पातळ थर पीव्हीसीचा, त्यावर ब्युटाइल आणि त्यावर उन्हाला टिकणाऱ्या पीव्हीसीचे थर द्यावेत. शेवटचा थर खालून वर नेला पाहिजे, म्हणजे कौलारू छपरावर जसे वरचे कौल खालच्यावर येते तसा टेपचा वरचा वेढा खालच्यावर येतो आणि पाणी बाहेरच्या बाहेर ओघळते. शेवटचे दोन वेढे ताण न देता ठेवावेत. ताणून चिकटवलेले टोक पहिल्या उन्हाळ्यात सुटते. जंपरला जोडणीच्या खाली थोडा झोळ ठेवावा, म्हणजे केबलवरून येणारे पाणी कनेक्टरपर्यंत न जाता झोळाच्या तळाशी गळून पडते.

अलार्म नाही, तरीही तक्रार आहे

वरील सर्व मोजण्या उत्तम येऊनही सेक्टर वाईट चालत असेल, तर पिम, म्हणजे पॅसिव्ह इंटरमॉड्युलेशन, तपासावे. दोन बलवान सिग्नल खराब धातूसंपर्कातून एकत्र गेले की त्यांच्यापासून नव्या वारंवारतेचे सिग्नल जन्माला येतात. ९०० च्या बँडमध्ये प्रक्षेपण ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झमध्ये आणि ग्रहण ८९० ते ९१५ मध्ये होते. ९३५ ची दुप्पट करून त्यातून ९६० वजा केले की ९१० येते, म्हणजे हा तिसऱ्या दर्जाचा सिग्नल थेट ग्रहणाच्या पट्ट्यात पडतो. एकाच गच्चीवर दोन-तीन कंपन्यांचे सेक्टर असतील, तर एकाचे प्रक्षेपण दुसऱ्याच्या प्रक्षेपणाशीही मिसळू शकते. व्हीएसडब्ल्यूआर याबाबत काहीच सांगत नाही. १.२ व्हीएसडब्ल्यूआर असलेला कनेक्टर पिममध्ये नापास होऊ शकतो आणि तसा होतोही.

याची खूण अशी, की ग्रहणाची गोंगाटपातळी प्रक्षेपणाचा भार वाढला की वाढते. संध्याकाळी गोंगाट वाढतो एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये, कारण संध्याकाळी वापरकर्तेही वाढतात. रात्री वापर कमी असताना रेडिओमधून कृत्रिम प्रक्षेपणभार चालू करावा: गोंगाट त्याबरोबर चढला तर पिम, आणि भाराचा काहीच परिणाम न होता चढलेलाच राहिला तर बाहेरचा हस्तक्षेप, उदाहरणार्थ जवळच्या दुकानात बेकायदेशीरपणे लावलेला बूस्टर.

आयईसी ६२०३७ या मानकानुसार पिमची चाचणी प्रत्येकी २० वॉटच्या, म्हणजे ४३ डीबीएमच्या, दोन सिग्नलांनी केली जाते. कारखान्यात अँटेनासाठी सामान्यतः उणे १५० डीबीसी, म्हणजे उणे १०७ डीबीएम, ही मर्यादा असते, आणि साइटवर उणे ९७ डीबीएम ही मर्यादा अनेक ठिकाणी मान्य केली जाते. उणे १५० डीबीसी म्हणजे पाठवलेल्या शक्तीच्या एकावर पंधरा शून्ये इतक्या भागांतील एक भाग. इतक्या सूक्ष्म मोजणीत कनेक्टरमधील एका किसाच्या कणानेही निकाल बदलतो. म्हणून चाचणी चालू असताना प्रत्येक जोडणीवर स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने हलके ठोके द्यावेत आणि आकडा उसळतो का ते पाहावे. स्थिर असताना पास आणि ठोक्याने नापास होणारी जोडणी नापासच समजावी. ही चाचणी करताना अँटेनामधून खरोखरच ४० वॉट बाहेर पडत असतात, त्यामुळे अँटेनासमोर कोणी उभे नसल्याची खात्री करावी.

सिंहगड रस्त्यावरील एका सोसायटीच्या गच्चीवरील सेक्टरमध्ये संध्याकाळी आवाज तुटत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या तेव्हा फीडर, जंपर, कनेक्टर सगळे निर्दोष होते. फीडरच्या टोकाला लो-पिम लोड लावला की पिम उणे ११८ डीबीएम, अँटेना जोडला की उणे ८५. इथे अँटेना बदलण्याचा मोह सर्वांनाच झाला असता. त्याऐवजी रिगरने अँटेना खांबावरून उतरवून, त्याच जंपरला जोडलेला ठेवून, तोंड आभाळाकडे करून मोकळ्या जागेत लाकडी फळ्यांवर ठेवला आणि चाचणी पुन्हा घेतली. आकडा उणे ११२ वर उतरला. अँटेना चांगला होता. त्याच्या समोरचे काहीतरी वाईट होते.

समोर सोसायटीने गळती थांबवण्यासाठी पावसाळ्यापूर्वी उभारलेली पत्र्याची शेड होती. पत्रे एकमेकांवर चढवलेले, मध्ये गंजलेले जे-हुक आणि वायसर, आणि वाऱ्याबरोबर थरथरणाऱ्या त्यांच्या कडा, हे सगळे अँटेनाच्या मुख्य झोताच्या खालच्या भागात येत होते. पुण्यातील जुन्या इमारतींवर अशा शेड झपाट्याने वाढत आहेत आणि साइट बसवताना नसलेली शेड नंतर समोर उभी राहणे हे पिमचे मोठे कारण आहे. सचिवांनी शेड हलवण्यास नकार दिला आणि तो नकार योग्यच होता. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचे घर गळत होते. खांबाची जागा गच्चीच्या कठड्याजवळ, शेडच्या पुढे घेतल्यावर अँटेनासमोर मोकळे आकाश आले आणि तक्रार मिटली. हुक आवळणे किंवा त्यांवर रबर बसवणे हा उपाय एखाद्या ऋतूपुरता टिकतो, त्यावर विसंबू नये.

अँटेना खरोखर खराब असेल तर

असेही अर्थात घडते. अँटेनाच्या तळाला पाणी निचरण्यासाठी ठेवलेली बारीक छिद्रे रंगाने, टेपने किंवा कीटकांच्या मातीने बुजली तर आत पाणी साचते. आतील एखादा डाख सुटतो. रेडोमला (अँटेनाच्या बाहेरच्या आवरणाला) तडा जातो. छिद्रे मोकळी करून, दोन दिवस कोरडे होऊ देऊन पुन्हा मोजल्याशिवाय पाणी साचलेला अँटेना बाद करू नये. मल्टिमीटर लावून मात्र काही सिद्ध होत नाही: काही अँटेना डीसी दृष्ट्या शॉर्ट असतात आणि काही ओपन, आणि दोन्ही निर्दोष असू शकतात. ६४ प्रक्षेपक आणि ६४ ग्राहक एकाच पेटीत असलेल्या फाइव्ह-जी अँटेनांना तर बाहेरून मोजण्यासाठी कनेक्टरच नसतो. तिथे रेडिओच्या स्वतःच्या तपासणीवरच अवलंबून राहावे लागते.

अँटेना बाद करण्यापूर्वी तो खाली उतरवून, धातूपासून दूर, लाकडी आधारावर, तोंड आभाळाकडे ठेवून मोजावा. प्रत्येक पोर्टवर कॅलिब्रेट केलेली चाचणी-केबल थेट जोडून त्याच्या पूर्ण बँडमधील रिटर्न लॉस घ्यावा. १४ डीबीपेक्षा कमी आल्यास तो बहुतेक उत्पादकांच्या १.५ च्या मर्यादेबाहेर असतो. दोन पोर्टचे उपकरण असेल तर अधिक ४५ आणि उणे ४५ अंशांच्या पोर्टमधील विलगता पाहावी. नव्या अँटेनासाठी ती सहसा २८ ते ३० डीबी इतकी दिलेली असते. आलेख चालू ठेवून रेडोमवर तळहाताने हलके थोपटावे. आलेख उडाला तर आतील जोडणी सुटलेली आहे. शेवटी पिम घ्यावे, तेही लोकांपासून दूर.

हे सर्व आलेख साइटचा क्रमांक, सेक्टर, पोर्ट, तारीख, हवामान आणि कोरडे की ओले या नोंदींसह जतन करावेत. अँटेना उत्पादकाकडे परत पाठवताना ते सोबत जोडावेत, म्हणजे ‘दोष आढळला नाही’ या शेऱ्यासह तो परत येण्याची शक्यता कमी होते. नवा अँटेना चढवल्यावर विजेवर चालणाऱ्या टिल्टची (झोत खाली झुकवण्याच्या सोयीची) त्याच्या मॉडेलची फाइल भरून जुना कोन पुन्हा लावावा आणि कोरडा आलेख त्याच दिवशी घेऊन ठेवावा. पुढच्या पावसानंतर तुलना करण्यासाठी तोच लागणार आहे.